आभासी जगातलं वाचनालय: इमारत नंतर, ग्रंथपाल आधी

२००६ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात अलायन्स लायब्ररी सिस्टिम नावाच्या ग्रंथालय-संघाने सेकंड लाइफ या त्रिमितीय ऑनलाइन जगात वाचनालय थाटलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात इन्फो आयलंड हे बेट सर्वांसाठी खुलं झालं. वेगवेगळ्या देशांतले ग्रंथपाल आपापला अवतार (पडद्यावर आपल्या वतीने वावरणारी आकृती) घेऊन तिथल्या मदतकक्षावर स्वयंसेवक म्हणून आळीपाळीने बसू लागले. आजूबाजूला आणखी बेटं उभी राहिली. एका बेटावर फक्त आरोग्यविषयक माहिती मिळायची. कॅलेडन या व्हिक्टोरियन थाटाच्या वसाहतीत स्वतंत्र वाचनालय निघालं. शार्लट-मेक्लेनबर्गच्या सार्वजनिक ग्रंथालयाने किशोरवयीन मुलांसाठीच्या वेगळ्या विभागात या संघाच्या साथीने एक बेट चालवलं.

२०११ उजाडता उजाडता चित्र पालटलं. किशोरांचा विभाग बंद झाला. शैक्षणिक आणि ना-नफा संस्थांना जागेच्या भाड्यात मिळणारी निम्मी सवलत सेकंड लाइफ चालवणाऱ्या कंपनीने काढून घेतली (ती परत आली २०१३ मध्ये, पण तोवर अनेक विद्यापीठं निघून गेली होती). त्याच जुलैमध्ये अलायन्स लायब्ररी सिस्टिम स्वतःच दुसऱ्या मोठ्या संघात विलीन झाली. तरीही स्वयंसेवक ग्रंथपालांचा गट टिकला आणि कम्युनिटी व्हर्च्युअल लायब्ररी या नावाने काम करत राहिला. आरोग्याचं बेट अपंग व्यक्तींसाठी काम करणाऱ्या व्हर्च्युअल अ‍ॅबिलिटी या संस्थेने सांभाळलं. जिथे ठरलेल्या वेळी माणूस भेटत होता ते उरलं, आणि जिथे नुसते देखणे संगमरवरी वाचनकक्ष बांधले होते ते ओस पडले.

म्हणून या लेखात बांधकामाला थोडी आणि माणसांच्या कामाला जास्त जागा दिली आहे. गावातलं ‘ब’ किंवा ‘क’ वर्गाचं वाचनालय, महाविद्यालयाचं ग्रंथालय किंवा परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाचा वाचनकट्टा, यांपैकी कुणालाही हे जमण्यासारखं आहे. एक साधा संगणक, बऱ्यापैकी इंटरनेट आणि आठवड्याचे दोन तास देणारी दोन माणसं एवढ्यावर सुरुवात होते.

पहिलं काम: वाचक कोण, ते एका वाक्यात लिहा

‘सर्वांसाठी’ असं लिहिलंत तर पुढचा प्रत्येक निर्णय अडेल. वाक्य असं हवं: ‘शिकागो, लंडन आणि सिडनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांतली माणसं आठवड्यातून एकदा एकत्र वाचतील.’ किंवा ‘घराबाहेर पडता न येणाऱ्या आमच्या ज्येष्ठ सभासदांना गप्पा आणि पुस्तकं मिळतील.’ किंवा ‘आठवी-नववीतली मुलं जो खेळ आधीच खेळतात, त्यातच त्यांना पुस्तकं भेटतील.’

या तिन्ही वाक्यांतून निघणारी वाचनालयं वेगवेगळी असतील. पहिल्याला घड्याळ महत्त्वाचं, दुसऱ्याला सोपा प्रवेश आणि मोठी अक्षरं, तिसऱ्याला खेळाची गोडी आणि पालकांची संमती. ज्येष्ठांना आधी त्रिमितीय जगात चालायला शिकवायचं आणि मग गप्पा मारायच्या, हे मला अन्यायाचं वाटतं. त्यांच्यासाठी कधी कधी साधा गटफोन अधिक चांगला. आभासी जग तेव्हाच निवडा, जेव्हा ‘एकत्र एका जागी असणं’ यातून काही साधतं: शेजारी बसून ऐकणं, प्रदर्शनात फिरणं, एखादी गोष्ट मिळून बांधणं.

दुसरं काम: जग निवडा

वाचक जिथे आधीपासून आहेत तिथे जा. याचं उत्तम उदाहरण माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी बांधायच्या लोकप्रिय ऑनलाइन खेळात आहे. ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या पत्रकार-स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या संघटनेने १२ मार्च २०२० रोजी तिथे ‘अनसेन्सर्ड लायब्ररी’ उघडली. ज्या देशांत काही पत्रकारांचं लिखाण दाबलं जातं, तिथेही हा खेळ खेळता येतो. म्हणून ते लेख खेळातल्या पुस्तकांच्या रूपात भव्य दालनांत ठेवले. इजिप्त, मेक्सिको, रशिया, सौदी अरेबिया आणि व्हिएतनाम यांची दालनं तिथे आहेत. इमारत डोळे दिपवणारी आहेच, पण ती तिथे आहे याचं कारण वाचक तिथे होते.

आपल्यासमोर साधारण चार वाटा आहेत.

सेकंड लाइफ २००३ पासून चालू आहे. खातं फुकट मिळतं, पण स्वतःच्या जागेचं भाडं दरमहा डॉलरमध्ये भरावं लागतं आणि संगणकही बरा लागतो. प्रौढ वाचकांसाठी आणि जगभरच्या ग्रंथपालांची ओळख व्हावी म्हणून ही जागा चांगली. पहिले तीन महिने स्वतःची जमीन घेऊ नका. आधीपासून असलेल्या ग्रंथालय-गटाकडे एक कोपरा मागा.

ओपनसिम्युलेटर ही त्याच धाटणीची मुक्त (कुणालाही फुकट वापरता आणि बदलता येणारी) प्रणाली २००७ मध्ये सुरू झाली. ती स्वतःच्या संगणकावर बसवता येते आणि तिच्यात शिरण्यासाठी फायरस्टॉर्म हे सॉफ्टवेअर चालतं. भाडं नाही, पण देखभाल तुमच्या गळ्यात पडते. महाविद्यालयात संगणक विभागाचा कुणी उत्साही शिक्षक असेल तरच या वाटेला जा.

लुआंटी हा ठोकळ्यांचा मुक्त खेळ. २०२४ पर्यंत याचं नाव माइनटेस्ट होतं. जुन्या संगणकावरही तो चालतो आणि वाचनालयातल्या चार संगणकांचं जाळं जोडून इंटरनेटशिवायही खेळता येतो. त्यावर चालणाऱ्या ‘माइनटेस्ट गेम’ या मूळ खेळात पुस्तक लिहिता येतं, त्याच्या प्रती काढता येतात, कपाटात ठेवता येतात. शाळकरी मुलांसाठी मी डोळे झाकून हाच सुचवेन.

चौथी वाट ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या खोल्यांची. दुवा पाठवला की माणूस आत, मोबाइलवरूनही. वीस-पंचवीस जणांच्या कट्ट्याला हे सगळ्यात सोपं. पण या सेवा कधी बंद पडतील याचा नेम नाही. मायक्रोसॉफ्टने अल्टस्पेस-व्हीआर ही आभासी भेटींची सेवा १० मार्च २०२३ ला बंद केली, मोझिलाने आपली ब्राउझरमधली हब्ज सेवा ३१ मे २०२४ ला थांबवली. हब्जची प्रणाली मुक्त होती म्हणून इतरांना ती पुढे चालवता आली. निवडताना हा प्रश्न नक्की विचारा: कंपनी गेली तर आपण बांधलेलं आपल्या हाती राहील का?

तिसरं काम: देवनागरीची परीक्षा

पैसा आणि वेळ घालण्याआधी ही परीक्षा घ्या. इंग्रजीतल्या मार्गदर्शिकांत ही पायरी सापडणार नाही, आणि मराठी वाचनालयाचं सगळं इथेच अडतं. जुन्या त्रिमितीय जगांत आणि ठोकळ्यांच्या खेळांत देवनागरी अक्षरं उमटली तरी वेलांटी जागेवर बसेल, जोडाक्षर जुळेल याची खात्री नसते.

नवीन खातं उघडल्यावर गप्पांच्या खिडकीत, फलकावर, पुस्तकात आणि स्वतःच्या नावात ही ओळ टाकून पाहा: ‘विद्यार्थी, ज्ञान, क्षत्रिय, दुसऱ्या, हृदय, ऑक्टोबर, कॅलेंडर, दिशा’. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आली का? ‘दुसऱ्या’मधला अर्धा र नीट दिसतो का? ‘ज्ञ’ फुटून ‘ज’ आणि ‘ञ’ वेगळे तर पडत नाहीत ना? हेच दुसऱ्याच्या संगणकावरही तपासा, कारण टंक (फॉन्ट) प्रत्येकाचा निराळा असतो.

अक्षरं फुटत असतील तर तीन उपाय आहेत. फलकावरचा मजकूर चित्र म्हणून लावा. लांब मजकूर वेबपानावर ठेवा आणि फलकाला हात लावला की ते पान उघडेल असं करा. बोलणं आवाजात करा आणि लेखी गप्पांसाठी शेजारी नेहमीचा व्हॉट्सअ‍ॅप गट ठेवा. मोडकी देवनागरी लावून वाचनालय उघडू नका. मुलांच्या डोळ्यांना चुकीच्या वेलांट्यांची सवय लागली, तर वाचनालय म्हणून आपण उलटं काम केलं.

चौथं काम: जागा, थोडक्यात

अवतारामागून कॅमेरा पाहत असतो, म्हणून खऱ्या मापाची खोली तिथे कोंदट वाटते आणि कॅमेरा भिंतीत अडकतो. छत उंच, दारं रुंद, जिने शक्यतो नकोत, उतार बरा. माणूस ज्या ठिकाणी प्रथम उतरतो तिथून मदतकक्ष समोर दिसलाच पाहिजे. पहिल्या फलकावर तीनच गोष्टी: वाचनालयाचं नाव, ग्रंथपाल कधी भेटतात, एरवी निरोप कुठे ठेवायचा.

सेकंड लाइफमध्ये टाइप केलेलं साधं बोलणं २० मीटरपर्यंतच्या सगळ्यांना दिसतं, कुजबुज १० मीटरपर्यंत आणि ओरडणं १०० मीटरपर्यंत पोहोचतं. माइकवरचा आवाज साध्या टाइप केलेल्या बोलण्यापेक्षा लांब जातो. म्हणून मदतकक्ष आणि कार्यक्रमाचा कट्टा एकमेकांपासून दूर ठेवा, नाहीतर कवितावाचनाच्या मध्ये कुणाचा तरी सभासद-वर्गणीचा प्रश्न उमटेल. खुर्च्या वर्तुळात मांडा. चित्रांचे आकार लहान ठेवा, नाहीतर खेड्यातल्या जोडणीवर भिंती करड्याच राहतात.

जुन्या वाड्याची हुबेहूब प्रतिकृती करायचा मोह होतो. आधी सहा महिने सेवा चालू द्या. तोवर मोकळं अंगण, एक कपाट आणि एक फलक पुरेसा आहे.

पाचवं काम: मदतकक्ष

सगळी मेहनत इथे ओता.

वेळ ठरवा आणि ती मोडू नका. आठवड्यातून एकदा दोन तास, दोन माणसं. दोन अशासाठी की एक जण वाचकाशी बोलत असताना दुसऱ्याने नव्या माणसाला चालायला शिकवायचं असतं. इन्फो आयलंडवर येणारे पुष्कळ प्रश्न पुस्तकांचे नसत, त्या जगाचेच असत: कसं उडायचं, कपडे कुठे मिळतात, आवाज का येत नाही. अशा प्रश्नांना कमी लेखू नका. चप्पल कुठे काढायची हे सांगणाऱ्याकडेच माणूस नंतर पुस्तक मागतो.

परदेशातले वाचक असतील तर वेळ अशी निवडा: भारतात रविवारी रात्री ८ वाजले की लंडनमध्ये उन्हाळ्यात दुपारचे ३.३० आणि हिवाळ्यात २.३० असतात. न्यू जर्सीत सकाळचे १०.३० किंवा ९.३०. कॅलिफोर्नियात सकाळचे ७.३० किंवा ६.३०, म्हणजे तिथल्यांना जरा कठीणच. सिडनीत मध्यरात्र उलटलेली असते. त्यांच्यासाठी महिन्यातून एक रविवार दुपारचा ठेवा. ब्रिटन-अमेरिकेत घड्याळं मार्चमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बदलतात, सिडनीत एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, आपली बदलत नाहीत. त्या आठवड्यात वेगळी सूचना पाठवा. सेकंड लाइफचं अधिकृत घड्याळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचं असतं, म्हणून जाहिरातीत नेहमी भारतीय वेळ आधी आणि स्पष्ट लिहा.

वाचक आला की लगेच बोला. प्रत्यक्षात आपण मान वर करून हसतो, तिथे ते दिसत नाही. ‘नमस्कार, या. मी इथली ग्रंथपाल. काही शोधताय की नुसतं फिरायला आलात?’ एवढं पुरे. फिरायला आलेल्याला फिरू द्या. प्रश्न असेल तर तो उलगडून घ्या. ‘शिवाजी महाराजांवर पुस्तक हवंय’ या वाक्यामागे दहावीचा प्रकल्प असू शकतो, किल्ल्यांची सहल असू शकते, आजोबांना वाचून दाखवायची इच्छा असू शकते. विचारा: कुणासाठी, किती मोठं, छापील की पडद्यावर, कधीपर्यंत.

टाइप करताना लहान वाक्यं पाठवा. परिच्छेद तयार होईपर्यंत समोरचा शांतताच पाहत असतो आणि निघून जातो. ‘शोधतेय, दोन मिनिटं थांबा’ हे लिहायला विसरू नका. एखादा प्रश्न खासगी असेल, आजारपणाचा किंवा घरगुती कायद्याचा, तर ताबडतोब खासगी निरोपात न्या, कारण उघडं बोलणं आसपासच्यांना दिसतं. आरोग्य आणि कायदा यांत सल्ला देऊ नका, भरवशाचा स्रोत हाती द्या.

उत्तर जागेवर सापडलं नाही तर ‘दोन दिवसांत कळवते’ म्हणून ईमेल घ्या आणि खरोखर कळवा. ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांतलं वाचकाचा वेळ वाचवण्याचं सूत्र इथे कसाला लागतं.

कक्षावर कुणी नसेल तेव्हा निरोपपेटी असावी. सेकंड लाइफ आणि ओपनसिम्युलेटरमध्ये वस्तूला हात लावला की माहितीपत्रक हाती पडतं, अशी छोटी आज्ञावली सहज लिहिता येते. त्या पत्रकात वेळापत्रक, ग्रंथसूचीचा दुवा आणि ईमेल टाका. ‘ग्रंथपाल लवकरच येतील’ असा फलक मात्र लावू नका. पुढची तारीख आणि वेळ लिहा.

सहावं काम: पुस्तकं आणि हक्क

पुस्तकांची पानं तिथे चढवण्याची गरज बहुधा नसते. फलकावरून वाचकाला तुमच्या ग्रंथसूचीकडे पाठवा, मग ती कोहा या ग्रंथालय-सॉफ्टवेअरवर असो की ई-ग्रंथालय या सॉफ्टवेअरवर. मराठी विश्वकोश, मराठी विकिस्रोत आणि आयआयटी खरगपूरने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, हे तीन फलक पहिल्या दिवसापासून असू द्यात.

संपूर्ण मजकूर ठेवायचा किंवा कार्यक्रमात वाचायचा असेल तर हक्क तपासा. भारतात १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत छापलेलं साहित्य २०११ पासून खुलं आहे. लेखकाच्या पश्चात प्रथम छापलेल्या पुस्तकाची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. संपादकाची प्रस्तावना, अनुवाद आणि आतली चित्रं यांचे हक्क वेगळे असू शकतात, म्हणून जुन्या कथेची नवी आवृत्ती जशीच्या तशी उचलू नका. परदेशांतले नियमही निराळे आहेत.

हयात लेखकाचं वाचायचं असेल तर प्रकाशक आणि लेखक दोघांना पत्र लिहा. कोणता भाग, किती मिनिटं, कोणत्या जगात, किती श्रोते आणि ध्वनिमुद्रण होणार का, हे त्यात स्पष्ट हवं. मुद्रण होणार नसेल तर तेही लिहा, होकार लवकर येतो.

सातवं काम: कार्यक्रम

दर महिन्याला एक कार्यक्रम, पण ठरलेला. सुरुवात एकत्र वाचनाने करा. त्याला वक्ता लागत नाही, मानधन लागत नाही, आणि नवी माणसं आवाजाने एकमेकांना ओळखू लागतात. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन किंवा १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन उद्घाटनाला सोयीचा आहे.

चार कामं चार जणांना वाटा. एक जण वाचतो. एक सूत्रं सांभाळतो. एक जण दाराशी उभा राहून येणाऱ्याचा आवाज, कान आणि बसण्याची जागा बघतो. चौथा लेखी गप्पा वाचून प्रश्न पुढे करतो, आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी जे बोललं जातंय त्याचा सारांश टाइप करत राहतो. हे चौथं काम कधीही गाळू नका. कर्णबधिर वाचकाला बरोबरीने बसता येणं ही या माध्यमाची मोठी देणगी आहे.

आठवडाभर आधी रंगीत तालीम करा, वक्त्याच्याच संगणकावरून, त्याच्याच घरच्या इंटरनेटवरून. कार्यक्रमाच्या दिवशी अर्धा तास आधी दार उघडा. वीज गेली तर वाचन कोण पुढे नेणार, ते आधीच ठरवा आणि त्याच्याकडे मजकूर देऊन ठेवा.

आठवं काम: मुलं आणि शिस्त

मुलांचं जग मोठ्यांच्या जगापासून पूर्ण वेगळं ठेवा, शक्यतो वाचनालयाच्याच जाळ्यावर. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालील व्यक्ती म्हणजे बालक, आणि तिची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळता येण्यासारखी संमती लागते. म्हणून खरं नाव, शाळा, छायाचित्र यांतलं काही मागूच नका, टोपणनाव चालेल. दोन प्रौढ हजर असल्याशिवाय सत्र सुरू करू नका, आणि मुलाशी खासगी निरोपात बोलू नका.

लुआंटीत नव्या पाहुण्याचा ठोकळे हलवण्याचा अधिकार सुरुवातीला काढून ठेवता येतो. त्याने फिरावं, बघावं, आणि ओळख झाली की अधिकार द्यावा. दंगा करणाऱ्याला एकदा समजवा, दुसऱ्यांदा त्या दिवसापुरतं बाहेर पाठवा. नियम पाच ओळींत, मराठीत, प्रवेशद्वारावर.

मुलांना काय करायला द्यायचं? गोष्ट वाचून झाली की तिच्यातलं गाव, विहीर, शाळा बांधायला सांगा. बांधण्यासाठी त्यांना पुस्तक पुन्हा उघडावं लागतं: घराला दोन खोल्या होत्या की एकच, नदी कोणत्या बाजूला होती. इतकं बारकाईने वाचन एरवी क्वचितच होतं.

नववं काम: नोंदी, प्रती आणि बंद करण्याची तयारी

वहीत दर सत्रानंतर चार गोष्टी लिहा: कोणत्या प्रकारचे प्रश्न आले, किती सुटले, किती जण दुसऱ्यांदा आले, कुणी प्रत्यक्ष पुस्तकापर्यंत पोहोचलं का. नावं नकोत. कार्यकारी मंडळासमोर नेताना भेटींचा मोठा आकडा दाखवू नका, कारण त्यात भटकून आलेले अवतारही मोजले जातात. सुटलेले प्रश्न दाखवा.

महिन्यातून एकदा प्रत काढा. लुआंटीत खेळ थांबवून जगाचा संपूर्ण फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवला की झालं. ओपनसिम्युलेटरमध्ये ‘सेव्ह ओएआर’ ही आज्ञा अख्खा प्रदेश एका फाइलमध्ये बांधून देते. सेकंड लाइफमधून मात्र फक्त स्वतः घडवलेल्या वस्तूच बाहेर नेता येतात. विकत घेतलेली कपाटं आणि झाडं तिथेच राहतात, म्हणून महत्त्वाचे फलक स्वतःच तयार करा आणि मूळ चित्रं वाचनालयाच्या संगणकावर ठेवा. संकेतशब्द एकाच माणसाकडे नकोत. खातं संस्थेच्या ईमेलवर काढा.

सहा महिन्यांनी वही उघडून बसा. येणारे तेच चार असतील आणि चौघंही आनंदाने येत असतील, तर खर्च नसलेल्या जागी चालू ठेवायला हरकत नाही. भाडं भरून कुणी येत नसेल तर बंद करा. बंद करताना महिनाभर आधी तारीख जाहीर करा, माहितीपत्रकं आणि वाचनयाद्या वेबपानावर हलवा, सभासदांचा गट मोडू नका, आणि ज्यांनी प्रश्न विचारून ईमेल दिला होता त्या प्रत्येकाला ग्रंथपाल आता कुठे आणि किती वाजता भेटेल ते कळवा.